नाव कोरलेला पेला

पलटणीतून सुटीवर येताना धनाजीनं सहा वर्षांच्या लेकीसाठी स्टीलचा पेला आणला. कवठे महांकाळच्या बाजारात त्यावर नाव कोरून घेतलं: संघमित्रा. "शाळंत ह्येच्यातनंच पाणी पी. आपून आता बौद्ध हाय. कुणाम्होरं वाकायचं न्हाई." दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती धापा टाकत आली. "आप्पा, पाणी!" त्यानं तांब्या उचलला, तोवर तिनं उंबऱ्याबाहेर उकिडवं बसून ओंजळ तोंडाशी धरलीही होती. "पेला कुठं हाय?" "दप्तरात." "मग आशी का बसलीस? कुणी शिकवलं?" "कुणीच न्हाई. आपल्यातली समदी पोरं आशीच पित्यात." धनाजी चिडला, पण पोरीचा घसा कोरडा पडला होता. त्यानं धार सोडली. ती घटाघटा प्यायली. त्याची नजर स्वतःच्या हातावर गेली. तांब्या आपोआप खांद्याइतका वर गेलेला. तोंड पुसत ती हसली, "आप्पा, गुर्जी बी आस्संच वरनं ओतत्यात."