ढगाखालचं पाणी

"हे पांढरं म्हणजे पाणी स्वच्छ, बरोबर ना?" साहेबांनी पडद्यावरच्या नकाशावर बोट ठेवलं.

"नाही सर. पांढरं म्हणजे ढग. त्याखाली काय आहे ते उपग्रहाला दिसत नाही."

"म्हणजे लाल नाही."

"लाल आहे की नाही, ते माहीत नाही."

साहेब खुर्चीत मागे रेलले. खोलीत दोघंच होते. उपग्रहांकडून रोज येणाऱ्या आकड्यांचे नकाशे करायचे, आणि खाडीत शिंपले काढू द्यायचे की नाही ते सुचवायचं, एवढं तिचं काम. सही साहेबांची.

तिनं सोमवारचा नकाशा उघडला. भर समुद्रात एक लाल पट्टा होता. बोटीवरच्या लोकांनी तिथलं पाणी बाटलीत भरून आणलं होतं आणि त्यात विषारी शेवाळ निघालं होतं. शिंपल्याच्या पोटात ते गेलं तर शिंपल्याला काही होत नाही, खाणाऱ्याला होतं. कितीही उकळा, विष जात नाही.

"मंगळवारपासून ढग आहेत," ती म्हणाली. "पण वारा मोजणारा उपग्रह ढगांतूनही बघतो. तीन दिवस वारा सारखा किनाऱ्याकडे आहे. हा पट्टा कालच खाडीत शिरला असणार."

"असणार!" साहेब म्हणाले. "मागच्या महिन्यातही असणारच होता. आठ दिवस खाडी बंद ठेवली आणि निघालं काय, तर नदीचा गाळ. त्या शिंपलेवाल्या बायका फाटकावर येऊन मला काय काय बोलल्या, ऐकलंत ना?"

ऐकलं होतं. गाळाला शेवाळ समजण्याची चूक तिचीच होती.

"खाडीचं पाणी तपासायला दिलंय, परवा निकाल येईल. तोवर बंदी नाही. आणि बाहेर कुणाजवळ अवाक्षर काढू नका. नुसती कुजबुज झाली तरी बाजार बसतो."

"सर, दोनच दिवस बंद ठेवू..."

"चित्र आणा. चित्र आणलंत की मी लगेच पेन उघडतो."

बाहेर बाकावर मावशी बसली होती. खाडीत उतरणाऱ्या बायकांची ती मुकादम. मांडीवर रिकामं घमेलं, घमेल्यात शिंपले उकरायचा लोखंडी पंजा. मागच्या महिन्यात फाटकावर सगळ्या ओरडत होत्या तेव्हा ही एकटी गप्प होती. जाता जाता तिनं फक्त विचारलं होतं, "पोरी, तुला नक्की दिसतं ना गं वरून?"

"ओहोटी लागलीय," मावशी आता म्हणाली. "बाया काठावर खोळंबल्यात. उतरायचं ना?"

"बंदी नाही, मावशी."

मावशी उठली नाही. "ते झालं साहेबाचं. तू काय म्हणतेस?"

साहेबांच्या खोलीचं दार किलकिलं होतं. आत त्यांची खुर्ची करकरली. पुन्हा गाळच निघाला तर, असं तिच्या मनात आलं. तर या इमारतीत तिचं कुणी कधीच ऐकणार नाही.

"बंदी नाही," ती फरशीकडे बघत म्हणाली.

"जीव भांड्यात पडला बघ." मावशीनं घमेलं कमरेवर घेतलं. "तुझ्यासाठी चार मोठे मोठे बाजूला ठेवते."

"नको!"

ते इतक्या झटकन तोंडातून गेलं की मावशी दारात थबकली.

"म्हणजे... मी खात नाही, मावशी."

मावशीनं क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "बरं बाई," म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.

ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. हाक मारली असती तर फाटकापर्यंत सहज ऐकू गेली असती. मावशी फाटकाबाहेर पडली, रस्ता ओलांडून गेली, दिसेनाशी झाली. मग ती आत जाऊन बसली आणि तिनं वाऱ्याचे आकडे पुन्हा एकदा पडताळून पाहिले. बरोबर होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ मोकळं झालं. चित्र आलं तेव्हा खाडी मुखापासून पुलापर्यंत लाल होती. त्याआधी तासभर दवाखान्यातून फोन येऊन गेला होता. शिंपल्यांची पहिली पाटी बाजारात जायच्या आधी मावशीच्या घरातच शिजली होती. नवरा दवाखान्याच्या दारातच गेला. मावशीला आत घेतलं होतं.

साहेबांनी उभ्या उभ्या बंदीवर सही केली.

"बघा, किती स्पष्ट आलंय," ते हळू आवाजात म्हणाले. "असं हातात असलं की निर्णयाला वेळ लागत नाही."

तिनं पर्स घेतली आणि निघाली.

मावशीच्या तोंडात नळी होती. शेजारचं यंत्र तिचा श्वास घेत होतं, सोडत होतं. हात चादरीवर कुणीतरी नीट ठेवून दिल्यासारखे पडले होते. पापण्या अर्धवट मिटलेल्या, आणि त्या फटीतून दिसणारे डोळे छताकडे.

"आधी ओठ बधिर झाले, मग बोटं, मग श्वासच," नर्स म्हणाली. "विष उतरेपर्यंत यंत्रावर ठेवायचं. तुम्ही नात्यातल्या?"

तिनं मान हलवली. हो की नाही, ते नर्सला कळलं नाही.

"घरचं अजून कुणी आत आलेलं नाही. नवऱ्याचं सांगायचं कुणी, यावर बाहेर चाललंय त्यांचं." नर्सनं स्टूल पुढे ओढलं. "बसा. शुद्धीवर आहेत त्या. अंग हलत नाही एवढंच, ऐकू सगळं येतंय."

ती बसली.

"बोला की," नर्स म्हणाली. "आवाज ओळखतील तुमचा."