टिटवीची चोच

“सॉरी,” बाई म्हणाली. सुई अजून टेकायची होती.

गोंदणारी पोरगी मशीन हातात धरून थांबली. “काकू, मी अजून काही केलंच नाहीये.”

“सवय आहे गं,” बाई म्हणाली आणि हात पुन्हा उशीवर ठेवला.

हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या जरा वर, दोन पाय होते. लांब, काडीसारखे. नुसते पाय, वर पक्षी नाही. गेल्या महिन्यात टिटवी काढून घ्यायला ती याच खुर्चीत बसली होती. पाय होईस्तोवर तिने कसाबसा तग धरला, मग ‘तोंड धुऊन येते’ म्हणून जी सटकली ती थेट घरी. तेव्हापासून ते पाय घेऊन ती कामाला जात होती, भाजी आणत होती. नवरा तर घरी जो कुणी येईल त्याच्यापुढे तिचा हात धरून दाखवायचा. “पक्षी उडाला, पाय विसरला.” लोक हसायचे. तीही हसायची.

आजही तो आलाच होता. भिंतीला टेकून, मांडीवर हेल्मेट. “गाडी रस्त्याकडे तोंड करून लावलीये,” तो म्हणाला. “पळताना अडचण नको.”

मशीन घरघरलं. बाईने दात आवळले, श्वास कोंडला. तापलेली तार कुणी कातडीवरून ओढत न्यावी तशी रेघ वर सरकू लागली.

“सॉरी.” रेघ आणखी सरकली. “सॉरी, सॉरी.” डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिचा एक पाय आपोआप खुर्चीवरून उतरून जमिनीला लागला. दाराच्या बाजूला.

पोरीने मशीन बंद केलं. “टोचतेय मी आणि माफी मागताय तुम्ही. काम काय करता काकू?”

“पाण्याच्या तक्रारी घेते. फोनवर.”

म्हणजे पाइप फोडायचा कुणी, पाणी तोडायचं कुणी आणि आईबहिणीवरून ऐकून घ्यायचं हिने. वर गोड आवाजात माफीही हिनेच मागायची, कारण फोन रेकॉर्ड होतो. शिव्या घालणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही. हिचा आवाज चढला की मात्र चौकशी. ऑफिसातल्या त्या खुर्चीत हिचे केस पिकले, पण चढ्या आवाजाची एकही नोंद नाही. साहेब याला चांगलं वळण म्हणतात.

“जेवून आलात ना?”

“हो.”

“मग चक्कर यायची नाही. दुखणं तुम्हीच वाढवताय, श्वास कोंडून. आता ऐका. हात हलवायचा नाही. तोंड पाहिजे तेवढं चालवा. रडा, ओरडा, माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करा. फक्त सॉरी म्हणालात की मी हात धुऊन मोकळी. हे पाय मग जन्मभर असेच.”

“अगं, पण शेजारी लोक...”

“शेजारी टायरवाला आहे. दिवसभर ठोकत असतो.”

नवऱ्याला हसू आवरेना. “ही ओरडणार? ही झुरळाला अहोजाहो करते.”

मशीन सुरू झालं. तो शब्द जिभेच्या टोकापर्यंत आला. बाईने तो गिळला. पण तोंडाला काहीतरी हवंच होतं.

“हरामखोर,” ती पुटपुटली.

“कोण?” पोरीने मान वर न करता विचारलं.

“पंपावरचा. पंप चालू करायचं सोडून झोपतो मेला, आणि सकाळी अख्खा गाव माझ्या डोक्यावर नाचतो.”

“मग? आणखी कोण?”

आणखी बरेच होते. फोन वाजला की चहाला पळणारा साहेब होता, त्याला तिने भडव्या म्हटलं. आणि एक होता, नळाचं निमित्त करून फोन करायचा आणि ‘आवाज एवढा गोड, तर बाकीची कशी असशील’ म्हणून विचारायचा. त्याच्यासाठी तिने जे शब्द काढले ते आपल्याला येतात हेच तिला माहीत नव्हतं. आवाज पोटातून येत होता. प्रत्येक शिवीबरोबर कोंडलेला श्वास सुटत होता. दुखत होतंच. पण आता दुखण्यापेक्षा तिचा आवाज मोठा होता.

भिंतीपलीकडची ठोकाठोक थांबली.

“अगं हळू,” नवरा म्हणाला. “लोक ऐकतायत.”

“ऐकू देत. आणि तुम्ही गप्प बसा. महिनाभर बोललात तेवढं पुरे.”

त्याने मांडीवरच्या हेल्मेटची काच पुसायला घेतली.

पंख झाले, मान झाली. “आता चोच,” पोरगी म्हणाली. “इथली कातडी पातळ आहे, जास्त लागेल. जरा थांबू?”

“थांबून तर बघ,” बाई म्हणाली.

शेवटच्या रेघेला तिच्याकडच्या शिव्याही संपल्या. ती नुसतीच ओरडली, मोकळ्या गळ्याने, रेघ पुरी होईपर्यंत. हात तसूभर हलला नाही.

पोरीने शाई पुसली. त्या दोन पायांवर टिटवी उभी होती. मान ताठ, चोच सताड उघडी.

बाई उठली. नवराही उठला, लगबगीने, आणि त्याचं हेल्मेट नेमकं तिच्या ताज्या हातावर आदळलं. कळ मस्तकात गेली. बाईने तोंड उघडलं, पण नेहमीचा शब्द बाहेर आला नाही. ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली. पोरगीही बघत राहिली.

त्याने हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. परत या हातात घेतलं.

“सॉरी,” तो म्हणाला.

बाईने ते नीट ऐकून घेतलं. मग फोनवरच्या त्याच गोड आवाजात म्हणाली, “आपलं म्हणणं नोंदवून घेतलं आहे. काय ते कळवण्यात येईल.”