खारट कपाळ

गाईने पुन्हा लाथ झाडली. वासरू धडपडत पेंढ्यात बसलं.

“ही काही जवळ करायची नाही याला,” गोठेवाला म्हणाला. गाईचं स्वतःचं वासरू पहाटेच दगावलं होतं. हे शेजारच्या गोठ्यातलं, आई नसलेलं.

गुरांच्या डॉक्टरणीने वासराला उठवून उभं केलं. तिची जीभ अशी तिखट, की गोठेवाले तिला वचकून असत. जनावराची जीभ पाहूनच ती दुखणं ओळखायची. मांजराची खरखरीत, घोड्याची मऊ, आजारी गाईची फिकट. पण घरी तिचीच जीभ टाळ्याला चिकटायची. घरी होती नवऱ्याच्या वारलेल्या पहिल्या बायकोची मुलगी, सहा वर्षांची. लग्नाला वर्ष होत आलं, तरी मुलीने तिला अजून कसलीच हाक मारली नव्हती. उद्या मुलीची मावशी तिला कायमची न्यायला येणार होती. “रुळत नाही, तर उगाच ओढाताण कशाला?” मावशी म्हणाली होती. बरोबरच होतं तिचं. तरी मुलीने जाऊ नये, असं डॉक्टरणीला वाटत होतं.

घरी कुणी नव्हतं म्हणून मुलगी आज बरोबर आली होती. पालथ्या बादलीवर बसून ती पाहत होती. बाहेर धुकं, आत गुरांच्या श्वासांची वाफ. गोठा जणू ढगात तरंगत होता.

डॉक्टरणीने मूठभर मीठ घेतलं. वासराच्या पाठीला चोळलं, मानेला चोळलं, कपाळाला चोळलं. मग त्याला हळूच पुढे ढकललं.

गाईने हुंगलं. तोंड फिरवलं. पुन्हा हुंगलं. मग तिची लांब जीभ बाहेर आली आणि वासराच्या कपाळावरून सावकाश फिरली. एकदा, दोनदा, मग थांबेचना.

“तिच्या जिभेला काय म्हणतात?” मुलीने विचारलं. आपणहून विचारलेला हा तिचा पहिलाच प्रश्न.

“जीभच. पोथीत जिव्हा म्हणतात, पण गाईला काय त्याचं!”

“ती जिभेने बोलत नाही?”

“चाटते ना. तेच तिचं बोलणं.”

“मीठ कशाला लावलं?”

“मिठासाठी चाटते. चाटता चाटता आपलं म्हणते.”

“दुसरीचं असलं तरी?”

“दुसरीचं असलं तरी.”

घरी निघेपर्यंत मुलगी गाईच्या जिभेकडे पाहत राहिली.

संध्याकाळी डॉक्टरीण हात धुऊन आली तेव्हा स्वयंपाकघरात एका बरणीचं झाकण उघडंच होतं. तिने ते लावलं. आतल्या खोलीत दाराशी मावशीबरोबर न्यायला भरलेली मुलीची पिशवी होती, आणि मुलगी खिडकीतल्या मंद उजेडात निजलेली. दचकेल म्हणून आजवर डॉक्टरणीने तिला कधी जवळ घेतलं नव्हतं. आता उद्या काय उरणार होतं? ती वाकली आणि तिने मुलीच्या कपाळावर ओठ टेकले.

कपाळ खारट लागलं. रडली असेल, असं तिला वाटलं. मग दाताखाली मिठाचा खडा कचकन वाजला.

मुलीने डोळे घट्ट मिटले होते, आणि कपाळ थोडं पुढे केलं होतं.