लाल-हिरवं

"तू एकदा डोळे तपासून का घेत नाहीस?" शैलजाबाईंनी मुलाला विचारलं.

"आई, मी रंग विकतो," विराज म्हणाला. "भोरमध्ये माझ्याएवढ्या छटा कुणाच्या दुकानात आहेत? माझं काय तपासायचं?"

त्याच्या बायकोनं, वैदेहीनं, डॉक्टरांचा कागद घडी घालून ठेवला. त्यांच्या सात वर्षांच्या मुलीला, शुभ्राला, लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत, असं डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं. जन्मजात आहे, घाबरण्यासारखं काही नाही. मग ते सहज बोलून गेले होते, "मुलीला हे असलं, तर आईच्या माहेरी कुणाला तरी असतं. आणि वडिलांना तर असतंच."

वैदेहीच्या वेल्ह्याला राहणाऱ्या वडिलांना ते होतं. लग्न ठरतानाच तिनं सांगितलं होतं. आपल्याला मात्र तसलं काही नाही, याची विराजला खात्री होती.

त्या दिवसापासून तो बायकोकडे वेगळ्या नजरेनं बघू लागला. पुण्याला चित्रकला शिकताना तिच्या वर्गात श्रेयस नावाचा मुलगा होता. अजूनही कामाच्या निमित्तानं त्याचा फोन यायचा. आता फोन वाजला की विराज टीव्हीचा आवाज कमी करायचा.

एकदा जेवताना त्यानं विचारलं, "शुभ्राचं नाक कुणावर गेलंय गं?"

वैदेहीनं वाढायचं थांबवलं. "सरळ विचार ना, काय विचारायचंय ते."

तो ताटावरून उठला. शैलजाबाईंनी ते ऐकलं. त्या सुनेशी कामापुरतंच बोलू लागल्या.

दुकानातही त्याचं लक्ष लागेना. मार्गासनी गावचे कोंडिबा दाराच्या रंगाचा निघालेला टवका घेऊन आले. "ह्येच्यावानी द्या. फरक दिसाया नको."

"छटेचा नंबर सांगा, काका. नंबर असला की मशिन अर्ध्या मिनिटात रंग मिसळून देतं."

"नंबर कुठला? समोर दिसतोय की रंग!"

विराजनं टवका उलटसुलट केला आणि छटांचं कार्ड त्यांच्याच पुढं सरकवलं. "तुम्हीच दाखवा."

ते गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं, फळीवरचे काही छोटे डबे नाहीसे झालेत. वैदेही दुपारी येऊन गेली होती. न विचारता तिनं कधी काही नेलं नव्हतं. डबे कशाला? कुणासाठी?

त्यानं दुकान लवकर बंद केलं. घरी मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत मायलेकी कुजबुजत होत्या.

"आता?"

"थोडं थोडं दिसतंय."

"बरं. आता बघ."

"नाही आई. आता काहीच दिसत नाही."

"शाब्बास. बाबांना मीच सांगेन हं."

विराजनं दार ढकललं. "काय चाललंय माझ्यामागं?"

भिंतीला भलामोठा प्लायवूड टेकवलेला होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यावर ठिपकेच ठिपके होते, दाट, मातकट, एकाला एक चिकटलेले. खाली त्याच्या दुकानातले डबे उघडे पडले होते. वैदेहीनं फडक्याला हात पुसले.

"तुझ्यासाठीच लिहिलंय," ती म्हणाली. "वाच."

"काय वाचू? नुसते ठिपके आहेत!" त्याचा आवाज चढला. "माझी चेष्टा करतेस?"

आरडाओरडा ऐकून शैलजाबाई आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या. त्यांनी प्लायवूडकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, पुन्हा प्लायवूडकडे पाहिलं.

"विराज, तुला खरंच दिसत नाही?"

"काय दिसत नाही?"

त्या पुढं झाल्या. पहिलीतल्या मुलाला वाचायला शिकवावं तसं त्यांनी एकेका अक्षरावर बोट ठेवलं. ओला रंग बोटाला लागत होता.

"हिरव्या ठिपक्यांत लाल अक्षरांत लिहिलंय रे, एवढं मोठं," त्या म्हणाल्या. "'शुभ्रा तुझीच मुलगी आहे.'"