‘मले’ म्हणजे चूक

मोफत लेखन-सॉफ्टवेअरमधला व्याकरण तपासनीस आता प्रत्येक फोनमध्ये बसला होता आणि फोनवर बोलतानाही टोकायचा. त्याचे मराठी नियम प्रणितानेच पुण्यात बसून लिहिले होते.

सुट्टीत ती दर्यापूरला घरी आली, तेव्हा आई एकेक शब्द जपून बोलत होती. “मला... बरं वाटलं. तू जेवलीस का?”

“माय, तू अशी काहून बोलून राह्यली?”

“‘मले’ म्हटलं का फोन चूक म्हनते. चारचौघींत लाज येते. म्हनून म्या फोनवर बोलनंच सोडलं. घरातबी जपून बोलाची सवय लागली.”

प्रणिताचा चेहरा उतरला. तिने तिथंच लॅपटॉप उघडून नियमांत वऱ्हाडी रूपं शुद्ध ठरवली. “आता नाही टोकणार. बोल, माय.”

आईने फोन हातात घेतला. तो कानाशी नेऊन पुन्हा खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, “काय बोलू? तूच लिहून दे.”

प्रणिताला मान वर करवली नाही.