किलोमीटर तेवढेच

मोटारसायकल : रामकिसनभाऊची.
मागच्या वेळचे किलोमीटर : ४१,२१०.
आजचे किलोमीटर : ४१,२१०.
ऑइलचा रंग : नव्यासारखा.

शेलूबाजारच्या गॅरेजात मेकॅनिक किशननं हे कार्ड समोरच्याच घरातून गाडी ढकलत आणलेल्या वैजयंतीबाईंपुढे धरलं.

“वहिनी, दोन महिन्याआधीच ऑइल बदललं. काहून वाया घालता?”

“बदला, किशनभाऊ. अन् इंजिनात टाकाची ते ताकदीची बाटलीबी टाका.”

“बाटलीनं काही होत नाही. यावरच तं भाऊचं अन् माहं दहा वर्सं भांडन.”

“त्याइनंच सांगतलं. खाटेवरून रोज इचारतात, ऑइल बदललं का. नाही म्हनलं, तं त्याइले समजन, आता गाडीवर बसनं होत नाही.”

किशननं नव्या ऑइलचा डबा फोडला. मग हात पुसून रामकिसनला फोन लावला.

“भाऊ, ऑइल टाकतो. बाटली फालतू हाय, ते मी टाकत नाही.”

“टाक बे,” पलीकडून जड जिभेनं आवाज आला. “गाडी माही हाय का तुही?”

“तुमाले इंजिनातलं काय समजते?”

वैजयंतीबाई बाजूला उभ्या राहून ऐकत राहिल्या. लकवा मारल्यापासून रामकिसनशी घरात कोणी भांडलंच नव्हतं.