मेंढ्याचा वाटा

फिलाग्रोसने वेदीवर हात ठेवला. कडेवर वर्षाचं पोर, समोर सगळी भावकी. त्याने शपथ घेतली: हा माझा मुलगा, लग्नाच्या बायकोचा, आणि बायको अथेन्सच्याच आईबापांची लेक.

शेवटचं खोटं होतं. सासू मेगारा या परक्या नगरातली. हे अख्ख्या भावकीत एकालाच ठाऊक होतं, चुलतभाऊ लिऑनला. आणि पोराला भावकीने नाकारलं तर फिलाग्रोसच्या मागे त्याचा द्राक्षमळा लिऑनकडेच जाणार होता. हरकत घ्यायला तोंडसुद्धा उघडावं लागत नसे. बळीचा मेंढा वेदीपासून ओढून नेला की झालं. पोर ना कुळाचं राहायचं, ना नगराचं.

लिऑन गर्दीतून पुढे आला आणि त्याने मेंढ्याचं शिंग धरलं.

खोट्या शपथेला देव काय करेल ते करो, आधी हा माणूस काय करतो याचीच फिलाग्रोसला धडकी भरली. पुजाऱ्याने हरकत आहे का म्हणून विचारलं.

"दोर सैल आहे," लिऑन म्हणाला. "असाच ठेवलात तर पळेल."

गाठ आवळून तो मागे सरला. दोघंचौघं हसले. मेंढा कापला गेला, पोराचं नाव पुकारलं गेलं, आणि फिलाग्रोसच्या जिवात जीव आला.

मग वाटे झाले. मटण तोंडात घातलं की त्या माणसाचा हरकतीचा हक्क संपला, ही जुनी रीत. म्हातारेसुद्धा हिरड्यांनी चघळू लागले. लिऑनने मात्र आपला वाटा अंजिराच्या पानात गुंडाळला.

फिलाग्रोसला राहवलं नाही. "खात नाहीस, दादा?"

"आज भूक नाही रे." लिऑनने पोराच्या जावळावरून मायेने हात फिरवला. "सोळाव्या वर्षी याचे केस कापायचे तेव्हा पुन्हा मेंढा आणशीलच. भावकीला पुन्हा विचारशीलच. तेव्हा बघू."

पुडकं काखेत मारून तो उतरणीला लागला. पोर त्याच्याकडे बघून हात हलवत होतं. फिलाग्रोसने त्याचं जावळ तळहाताखाली झाकून घेतलं.